पाळ कुठे फोडायची?

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. भूभौतिकीचं शिक्षणही तेव्हा अर्धंच झालं होतं. अशा माणसाने अनुभव लिहावा का, अशी शंका येते. आगाऊपणा वाटला तर क्षमा असावी.

नवेगाव बांधच्या पुढे एका गावाचा जुना तलाव गळत होता. मातीच्या पाळेतून, म्हणजे बांधातून, पाणी मागे झिरपायचं. नागपूरच्या ज्या सरांकडे मी ट्रेनिंगला होतो, त्यांना गळती शोधायचं काम मिळालं. तलाव समितीचे अध्यक्ष सदारामजी पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाबू, गळती बुजवाले पाळ एकाच जागी फोडू आमी. जागा चुकली तं पाऊस येईल, तलाव राहील उघडा. मंग धानाच्या रोवण्याले पाणी कुठून आणू?"

आमची पद्धत साधी आहे. पाळेवर ओळीने सळया ठोकायच्या, जमिनीत वीज सोडायची आणि माती तिला किती अडवते ते मोजायचं. ओली माती कमी अडवते. वरच्या आकड्यांवरून आतलं चित्र काढायचं, याला इन्व्हर्जन म्हणतात. ऑफिसच्या विकतच्या सॉफ्टवेअरने पाळेच्या मध्यभागी, खोलवर ओल दाखवली.

मला ते पटेना. पाळेला लागूनच तलावाचं पाणी होतं. वीज त्यातूनही जाणार, आणि त्या सॉफ्टवेअरला तलाव ठाऊकच नव्हता. मी एक ओपन-सोर्स सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्याचा कोड कुणालाही उघडून वाचता, बदलता येतो. त्यात पाळेचा उतार आणि तलावाचं पाणी, दोन्ही लिहिलं. मधली ओल गेली. उत्तरेच्या टोकाला, वरच्या थरात दुसरीच दिसली.

सर म्हणाले, "फुकटचं सॉफ्टवेअर आहे ते. चुकलं तर गाव माझ्या दारात येईल, तुझ्या नाही."

"सर, मी कोड वाचला आहे."

"सगळा?"

"अर्धा."

सर हसले नाहीत. दोन्ही चित्रं त्यांनी सदारामजींपुढे ठेवली.

"दोन काऊन जी? पाळ तं एकच आहे."

मी चाचरत विचारलं, तलाव थोडा रिकामा करता येईल का? पाळेलगत पाणीच नसेल तर दोन्ही सॉफ्टवेअरांचं उत्तर एक यायला हवं. सदारामजी म्हणाले, "मासोळ्या काढाले उन्हाळ्यात उतरवतोच आमी पाणी. तवा या."

ढिवरांची मासेमारी संपल्यावर आम्ही पुन्हा गेलो. सळया ठोकताना सदारामजी म्हणाले, "पुन्हा मोजून राहिले बाबू? पहिल्या पेपरात नापास झाले का?"

"सरांचा आणि माझा निकाल वेगळा लागला जी."

या वेळी ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्येही मधली ओल नव्हती. उत्तरेची राहिली. सरांनी रिपोर्टात तीच जागा लिहिली आणि मला म्हणाले, "उरलेला कोडही वाचून टाक."

दोन उत्तरं आली की कोणतं सॉफ्टवेअर चांगलं, हा वाद नंतर घालावा. आधी आपण त्याला काय सांगायचं विसरलो ते पाहावं. एवढंच मी शिकलो.

जागा फोडून, नवी माती दाबून भरली, इथवर कळलं होतं. मग पावसाळा लागला आणि गावाकडून काहीच कळेना. फोन करायचा धीर होत नव्हता. पोळ्याच्या सुमारास सदारामजींचाच आला.

"तलाव भरला जी. पाळेमागं चप्पल भिजत नाही. रोवणे झाले."

मी बरं म्हणालो.

"एकच झालं. मागच्या डबक्यात एकाच्या म्हशी बसत होत्या, ते डबकं आटलं. तो तुमचं नाव विचारून राहिला होता. मी नाही सांगितलं."