सात किलोचं विमान

पऱ्हाटीच्या, म्हनजे कापसाच्या, वावरातून एक चक्कर मारून आलं का धोतराले काय काय चिकटलं, ते घरी आल्यावरच दिसते. आमच्या बाकावरचे किस्से तसेच हायेत. कोनी जमवाले गेलं नाई. बसल्या बसल्या चिकटले.

बाक म्हनजे पिपरी मेघेत गोविंदशेठच्या किराना दुकानासमोरचा. बसनारे चौघं. दुकानाचा मालक गोविंदशेठ, रोहण्याची शेती भावाच्या हवाली करून इथं राहाले आलेला बापूराव, तळेगावच्या शाळेतून रिटायर झालेले गुरुजी, अन मी. मी चौथी नापास. पन मार्केट यार्डात चाळीस वर्षं मापारी होतो. दुसऱ्याचा माल काट्यावर मोजाचा अन आकडा ओरडून सांगाचा, हाच धंदा. कोनाचं पावभर इकडचं तिकडं होऊ देल्लं नाई, म्हून माझ्याशी कोनी गोड बोलत नाई. मलेही गरज नाई.

आमच्या सगळ्याईची पोरं पुन्या-बंगळुरूले. नागपूरहून विमान. तिकीट स्वस्त पाडाचं तं फक्त हातातली बॅग न्याची, मानशी सात किलो. त्याच्यावर सामान नेलं का पैसे वेगळे. म्हून निघाच्या आदल्या दिवशी जो तो बॅग घेऊन शेठच्या काट्यावर हजर! आकडा मीच पाहातो. अन बाकाचा नियम एकच: सात किलोच्या वर जे निंघालं, ते बाकानं खाऊन टाकाचं.

मी सोता विमानात कधी बसलो नव्हतो. पन बंगळुरूले आमच्या सुनीताले पोरगी झाली, अन माझ्या बायकोनं, शांतानं, नातीसाठी गोधडी शिवाले घेतली. माझ्या मायच्या लुगड्याची. तिले रात्रंदिवस एकच घोर: गोधडी सात किलोत बसन का नाई?

*

काट्यावर पहिला मान बापूचा. बॅग ठेवली. आकडा आला सहा किलो नऊशे. मी वाकून पाह्यलं तं लेकाची दोन बोटं बॅगच्या खाली!

"बापू, बोटं काढ."

काढली. साडेदहा!

"काटा खराब हाये," बापू म्हने.

"काटा नाई, तुझी नियत खराब हाये! चाळीस वर्षं हेच ऐकत आलो. ज्याचा माल फसते, त्याले काटाच खराब दिसते."

साडेतीन किलो सांजोऱ्या निंघाल्या. दोन दिवस खाल्ल्या. बापूनंही खाल्ल्या. हे त्याच्या बायकोले समजलं. पुढच्या खेपेले तिनं बॅग पुन्हा जास्त भरली. वरचं काढून पाह्यलं तं निस्तं कारल्याचं लोनचं!

नियम तं नियम. खा लागलं.

*

गोविंदशेठची अक्कल वेगळीच. तो म्हने, "बॅगचं वजन करते, मानसाचं तं नाई करत!" त्यानं एकावर एक तीन शर्ट घातले, वरून कोट. कोटाचे खिसे टम्म! तपासनीच्या जागी सांगतलं, कोट काढा, खिसे रिकामे करा. एका खिशातून बदाम, एकातून खारका, एकातून सुपारी. चार ट्रे भरले.

तिथला शिपाई म्हने, "सेठजी, दुकान लगा रहे हो क्या?"

"गिराइक असन तं लावतो ना जी!"

मागच्या बाईनं खरंच इचारलं, खारका कशा देल्या? शेठनं पाव किलो तिथंच इकल्या!

सगळे हासले. मले राग आला. काट्याबिगर इकल्या!

घरी शांताले हे सांगतलं. ती गोधडीत सुई खुपसून म्हने, "म्हनजे अंगावरचं मोजत नाई?"

"नाई."

"बरं," म्हने, अन धागा ओवला.

*

गुरुजी सरळ मानूस. बॅग सात म्हनजे सात. पन तिच्यात बायकोनं पोरासाठी घरचं तिखट भरलेलं. तपासनीवाल्यानं पुडा बाहेर काढला. म्हने, हे हातच्या बॅगेत नेता येत नाई, कोनाच्या डोळ्यात फेकलं तं? हे हत्यारात मोडते. गुरुजीनं अर्धा तास समजावलं. तो काई त्याईचा विद्यार्थी नव्हता, ऐकलं नाई.

गुरुजीनं बायकोले फोन लावला. "अवो, तुमचं तिखट सरकारनं हत्यार ठरवलं."

बाई म्हने, "तुमाले तीस वर्षांत समजलं नाई, सरकारले एका वासात समजलं!"

*

अन आली आमची पाळी. मे महिना. दोन बॅगा काट्यावर ठेवल्या. डिंकाचे लाडू, बाळंतिनीचा मेवा, आमचे कपडे. सात अन सात, काटोकाट. गोधडी बाहेरच. ती एकटीच भरली दोन किलो आठशे.

बापू कधीचा या दिवसाची वाट पाहून राह्यला होता. "मापारी, नियम तुझाच हाये. पन गोधडी खाव कशी बे?"

"लाडू काढा ना मंग," गुरुजी म्हनले. लाडवावर त्याईची पहिलेपासून नजर होती.

"लाडवाले हात लावून पाहा!" शांता म्हने. "अन गोधडी नाई गेली तं मी नाई जात. नातीले एकटेच पाहून या."

"पैसे भरून टाक ना मापारी," शेठ म्हने.

मी भरू? दोन किलो आठशेसाठी? "एक रुपया नाई देनार," म्हनलं अन उठलो.

घरी गेल्यावर शांता गोधडी घेऊन बसली. रातभर शिवत राह्यली.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या विमानतळावर, बाहेर सेहेचाळीस डिग्री, अन मी गोधडी पांघरून उभा! खांद्यावर टाकली तवा मी शांताकडे पाह्यलं. तिनं दुसरीकडे पाह्यलं.

काउंटरवरची पोरगी म्हने, "आजोबांना बरं नाही का?"

"थंडी वाजते त्याईले," शांता म्हने.

"ताप आहे?"

"नाई व माय. म्हातारपन हाये."

मी तोंड उघडाच्या आत चाकाची खुर्ची आली. मले बसवलं, दोन्ही बॅगा मांडीवर ठेवल्या. वजन कोनी केलंच नाई! तपासनीत गोधडी मशीनमधून गेली. शिपायानं पडद्याकडे पाह्यलं, मंग शांताकडे, मंग माझ्याकडे. गोधडी उचलली, अन आपल्या हातानं पुन्हा माझ्या खांद्यावर टाकली. इतका चांगला शिपाई मी यार्डात एकबी पाह्यला नाई.

बंगळुरूले सुनीतानं बाप चाकाच्या खुर्चीत, गोधडीत गुंडाळलेला पाह्यला अन तिथंच रडाले लागली. "बाबा, काय झालं? मले काऊन नाई सांगतलं?"

मी ताडकन उभा राह्यलो. "काईच नाई झालं. विमान सात किलोचं हाये."

घरी गेल्यावर शांतानं कैची मागतली. गोधडीची एक कड उसवली. आतून तुरीच्या दाळीची चपटी पाकिटं निंघाली. दुसरी कड उसवली. जवसाची चटनी, गोरसपाकाची बिस्किटं, शेवया. सुनीतानं सगळं सैपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. अडीच किलो!

ती हासून हासून बेजार. "बाबा, चाळीस वर्षं मापारी होते तुमी! खांद्यावर अडीच किलो जास्तीचं होतं, अन तुमाले समजलं नाई?"

शांता खाली मान घालून पुन्हा टाके घालून राह्यली होती. नात गोधडीच्या दुसऱ्या टोकावर झोपली होती.

"काटा खराब हाये," मी म्हनलं.