आक्काच्या रगतातली सूज

"मंगल, कडी काढ गं... लुगडं भरलं माझं, कडी काढ," आक्का आतून दारावर डोकं आपटीत होती, अन् दारापुढं थोरले भाया, म्हंजी तिचा नवरा, कासरा मुठीला गुंडाळून उभे. भर दुपार. आमचे हे केजच्या बाजारला गेलते. माझ्या कडंवर सहा म्हयन्याचं लेकरू, त्याचा दंड भायानी धरलेला. "कडीला हात लावलास तर याला आडात टाकीन," म्हणले.

आक्का माझी थोरली जाऊ. तिला जाऊन दीड म्हयना झाला. मी सातवीपातूर शिकलेली, जसं येतंय तसं लिवते. माझं बाळंतपण तिनंच केलं, लेकराला पायावर घेऊन न्हाऊ घालायची, मधीच पोटात कळ आली की माझ्याकडं देऊन पळायची...

वर्सभर तिला परसाकडंला रगत पडत होतं. दिवसातून दहा-बारा बार. आमच्यात बाया उजाडायच्या आत जातात, न्हाईतर अंधार पडल्यावर. ही भर उन्हात टमरेल घेऊन निघायची, अन् भायाच्या डोस्क्यात संशय शिरला. "कोण बसलाय तुझा ज्वारीत?" म्हणत लाथा घालायचे, त्या बी पोटातच. एकदा दात पाडला. मी आडवी गेले तं माझ्या पाठीवर बी कासऱ्याचा वळ उठला.

शेवटी मी अन् ह्यांनी तिला बीडला नेलं. डॉक्टर दंडातून रगत काढाय लागले तं आक्का म्हणती, "हातातलं कावून काढता? खालचं फुकट चाललंय, ते घ्या की." डॉक्टर बी हसले. कागद आल्यावर न्हाई हसले. म्हणले, ही मूळव्याध न्हाई, मोठ्या आतड्याला आतून जखमा झाल्यात. आत सूज किती हाय ते रगतावरनं कळतं. हा ईएसआरचा आकडा बघा, लई वर गेलाय. गोळ्या मधीच सोडू नका, अन् ताप चढला, नाडी पळाय लागली, पोट फुगलं, तं घडीभर बी थांबू नका... मी ते पाठच केलं.

घरी कागद वाचून दाखवला. भायानी आक्काचा पदर ओढला. "सूज कुठाय? पोट तर पाठीला लागलंय. डॉक्टरला बी फितवलं हिनं." गोळ्या चुलीत घातल्या.

आठ दिवसांनी ताप चढला, अन् त्या दुपारी पोट फुगलं. डॉक्टर म्हणले तसंच, ढोलासारखं. मी भायाला म्हणले, दादा, जीप बघा, हेच सांगितलं व्हतं. ते पोटाकडं बघत राहिले, अन् म्हणले, "आता दिसलं. कुणाचं हाय?" तिला झिंज्या धरून आत ढकललं, भायेरून कडी घातली.

आक्का लई वेळ हाका मारीत होती. आदी माझ्या नावानं, मग तिच्या आईच्या. मग गप झाली. भाया म्हणले, "झोपली." ती झोपली न्हाई हे त्या घरात मला एकटीला ठाऊक व्हतं... दिवस कलल्यावर हे आले, कडी काढली, जीपमधी घातली. बीड यायच्या आत ती गेली.

गावातल्या बाया म्हणतात, तू तर तिथंच उभी व्हतीस. व्हते. कडी माझ्यापासून हातभर लांब, अन् लेकराचा दंड त्यांच्या मुठीत. माझ्या जागी तुमी असता, तं काय केलं असतं?