वरच्या सात घरांचं पाणी

कान्होजी काटकरची चावी साडेचार फुटांची होती. वर आडवा दांडा, खाली चौकोनी खोबण. खड्ड्यात उतरवायची, व्हॉल्वच्या डोक्यावर बसवायची आणि फिरवायची. चार इंची लाइनचा व्हॉल्व तेरा फेऱ्यांत पूर्ण उघडतो. बारा दिले तरी पाणी येतं, कुणाला कळत नाही. कान्होजी तेरा द्यायचा. एकतीस वर्षं त्यानं आमच्या शहरातल्या लष्कर भागाच्या गल्ल्यांना पाणी सोडलं. मी त्याच पाणीखात्यात फिटर होतो, म्हणून हे मला माहीत.

हल्ली लोक मोबाईलवर घर बघतात. माझ्या पुतणीनं, शिखानं, मागच्या महिन्यात फ्लॅट घेतला. लिफ्ट कुठल्या कंपनीची, पार्किंग किती फुटांचं, सगळं तिला पाठ. पाणी कुठून येतं विचारलं तर म्हणाली, "काका, नळातून."

आमच्या वेळी लष्करात मकान घ्यायचं म्हटलं की लोक आधी कान्होजीला गाठत. तो घरात शिरून भिंती बघत नसे. गल्लीतून एक चक्कर मारायचा. दारांत पिंपं किती आहेत, त्यांची तोंडं झाकलेली की उघडी, पाणी ओढणाऱ्या टुल्लू पंपाचा आवाज कुठल्या घरापासून सुरू होतो. मग सांगायचा. "वीस मिनिटं. वरच्या मजल्यावर नाही." किंवा "उन्हाळ्यात एक दिवसाआड." किंवा नुसतं "घ्या." घरवाल्याचा चहा घ्यायचा नाही. चहा घेतल्यावर खरं बोलायला जड जातं, म्हणायचा.

त्याचं स्वतःचं घर नव्हतं. जयेंद्रगंजात एका छापखान्यामागे दीड खोली भाड्यानं. तिथे तो, कुमुदिनीवहिनी आणि लहानगी गरिमा. घरमालक माणूस वाईट नव्हता, पण भिंतीला खिळा ठोकू द्यायचा नाही. पोपडे निघतात म्हणे. वहिनींचे कपडे, पिशव्या, आरसा, सगळं दोरीवर आणि खिडकीच्या गजांवर. मी गेलो की वहिनी म्हणायच्या, "भावजी, टोपी हातातच धरा. आमच्याकडे टांगायची सोय नाही."

दोन वर्षं कान्होजी घर शोधत होता. अकरा घरं पाहिली आणि अकराही नापास केली. शहराबाहेर, मुरारच्या पलीकडे नवी कॉलनी पडत होती, तिथे प्लॉट स्वस्त होता. तिथून तो पाच मिनिटांत परतला. "टँकरच्या भरवशावर घर नाही घ्यायचं," म्हणाला.

वहिनी मला म्हणाल्या, "यांना घर नकोच आहे. यांना नळ पाहिजे. त्याच्यावर मी पत्रा घालून घेईन."

सन दोन हजार सहाच्या हिवाळ्यात लष्करातल्याच दाना ओली या आळीतलं एक घर विकायला निघालं. मुख्य रस्त्यावरून आत शिरणारी चढाची गल्ली, त्यात वरून तिसरं घर. खाली दोन खोल्या, वर एक, मधे फरशीचा चौक. मालकीण शांताताई. नवरा शाळेत मास्तर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. बासष्ट वर्षांची बाई खालच्या सार्वजनिक नळावरून रोज पाणी भरायची. सत्तेचाळीस पावलं चढ, एका वेळी एक बादली, रोज चार खेपा. गल्लीतल्या वरच्या सात घरांना चौदा वर्षं नळाला पाणी नव्हतं. बाकीच्यांनी भाडोत्री ठेवून गल्ली सोडली होती. शांताताईचे गुडघे गेले तेव्हा तिनंही विकून इंदूरला भाच्याकडे जायचं ठरवलं. पाणी नाही म्हणून भाव कमी. कमी होता म्हणूनच कान्होजीच्या आवाक्यात होता.

वहिनी घर बघायला गेल्या आणि आतल्या खोलीत पेन्सिलीनं भिंतीवर चार खुणा करून आल्या. इथे आरसा, इथे पिशवी, इथे कंदील, इथे भावजींची टोपी.

कान्होजीला मात्र तो चढ पटेना. शेजारच्या गल्लीत याहून जास्त चढ आहे, तिथे दुसऱ्या मजल्यावर पाणी जातं. मग इथे का नाही? एका सकाळी पाणी सुटलेलं असताना त्यानं लोखंडी सळई नेली. एक टोक पाइपावर, दुसरं कानाला. खालून चौथ्या घरापाशी पाणी भरून वाहत होतं. पाचव्यापाशी बारीक शीळ. म्हणजे दोन्हींच्या मधे कुठेतरी पाणी चिमटीतून जात होतं. खात्याच्या नकाशात तिथे काही नव्हतं.

त्यानं मला येऊन सांगितलं. "सूर्याजी, मधे व्हॉल्व आहे. जुना. अर्धा-पाऊण बंद. कुणा ठेकेदारानं रस्ता उंच केला आणि तो खाली गाडला गेला."

"तुला नक्की माहीत?"

"कानानं ऐकलं."

मी म्हणालो, "मग गप्प बस. पाणी आलं तर म्हातारी भाव वाढवेल. आधी रजिस्ट्री, मग व्हॉल्व."

तो गप्प बसला. एकवीस दिवसांनी त्यानं इसाराचा बयाना दिला. कागद झाला: ठरलेला भाव, रजिस्ट्रीला तीन महिन्यांची मुदत, कान्होजीनं मुदत चुकवली तर बयाना गेला.

अडचण बँकेनं केली. घराची किंमत करायला बँकेचा माणूस आला. त्यानं चौकातला नळ पाहिला. नळाला शांताताईनं फुलांची परडी टांगली होती. परडी काढून तोटी फिरवली, तर नळ नुसता खोकला. त्यानं कागदावर लिहिलं, 'नळजोडणी निरुपयोगी', आणि किंमत इतकी खाली धरली की कर्ज साठ हजारांनी कमी पडलं. वहिनींनी पाटल्या काढून दिल्या. तरी पुरेना. खात्याच्या सोसायटीचं कर्ज आधीच काढलेलं होतं. मुदत संपायला एक महिना उरला.

तेव्हा मीच पुन्हा अक्कल चालवली. म्हटलं, "अरे, भाव तर कागदावर बांधलेला आहे. आता पाणी आलं तरी ती वाढवू शकत नाही. व्हॉल्व उघड. बँकवाला परत येईल, किंमत वाढवेल, कर्ज मिळेल."

कान्होजीनं भिंतीला टेकवलेली चावी उचलली. मग म्हणाला, "उघडायचा तर आहेच." त्यानं खोदायची परवानगी घेतली आणि आम्ही दोघं लागलो.

ते काम मला अजून हातात आठवतं. चार इंच डांबर, छिन्नी आणि घणानं. खाली खडी. तिच्याखाली जुन्या विटांचे तुकडे, चिखलात बसून दगड झालेले. खड्डा चार बाय तीन. पहार मी मारायची, माती त्यानं काढायची, अर्ध्या तासानं अदलाबदल. दीड फुटावर काही नाही. दोन फुटांवर काही नाही. वरच्या घरांतले लोक ओट्यावर येऊन बसले. एक जण म्हणाला, "काटकर, आता तिघऱ्याचं धरणच लागेल खाली." कान्होजीनं मान वर केली नाही. अडीच फुटांवर पहार लोखंडावर वाजली. त्यानं जिथे बोट ठेवलं होतं तिथून नऊ इंचांवर.

व्हॉल्व जाम होता. अशा वेळी घाईचा माणूस चावीला पाइप लावून जोर देतो आणि दांडा मोडतो. कान्होजीनं रॉकेल ओतलं, पोतं झाकलं आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी चावी लावली, आणि आधी बंदच्या बाजूला फिरवली, केसभर. मग उघडायच्या बाजूला, केसभर. परत बंद. तासाभरानं पाव फेरा. दुपारपर्यंत तीन. त्याच्या तळव्यांची सालं निघाली होती. मी म्हटलं, "दे इकडे." म्हणाला, "तुझा हात जड आहे. तू झटका देशील." खरं होतं.

तो मोजत होता. बंद असलेले नऊ फेरे त्यानं दोन दिवसांत सोडवले.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाणी सुटलं. आधी हवा, मग गंज, मग तांबडं, मग स्वच्छ. शांताताईनं नळाखाली हात धरला आणि ती तसाच धरून उभी राहिली. बादली लावायचं तिला सुचलं नाही. वरच्या सातही घरांत भांड्यांचे आवाज सुरू झाले. मी एवढी वर्षं काम केलं, लाइनी टाकल्या, पण तसा आवाज मी परत ऐकला नाही.

बँकेचा माणूस पुन्हा आला. किंमत वाढली, कर्ज मंजूर झालं. माझी अक्कल बरोबर ठरली.

रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी मी शांताताईच्या नळाला वायसर बसवत होतो. चौदा वर्षं कोरडा राहिलेला नळ ठिबकत होता. ती ट्रंकेत भांडी भरत होती.

"सूर्याजी, हे आधी झालं असतं ना, तर मी इथून हललेच नसते." तक्रार नव्हती तिच्या आवाजात. "असो. शब्द दिलाय. इंदूरला भाचेसून पोळ्या बऱ्या करते म्हणतात."

कान्होजी दारात आला होता. उद्याची वेळ सांगायला. त्यानं हे ऐकलं. चपला काढल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरच थांबला.

"ताई, मला आधीच कळलं होतं."

"काय?"

"व्हॉल्वचं. बयाना द्यायच्या आधी."

"किती आधी?"

"एकवीस दिवस."

शांताताईनं हातातलं पातेलं ट्रंकेबाहेर ठेवलं. "आणि बयान्यानंतर दोन महिने," ती म्हणाली. "रोज चार खेपा. खालच्या नळावर तू रोज मला बघत होतास, कान्होजी."

"हो."

"मग आज कशाला सांगतोस? उद्या रजिस्ट्री आहे. कागद तुझ्या बाजूचा आहे."

"म्हणूनच."

त्यानं खिशातून बयान्याचा कागद काढून उंबऱ्यावर ठेवला. "तुम्हाला जायचं असेल तर आजच्या भावानं विका. तो मला झेपणार नाही, दुसरा कुणी देईल. जायचं नसेल तर हा फाडा." साहेबाला लाइनचा रिपोर्ट द्यावा तसं बोलला. मी पाना हातात घेऊन उभा. मीच गप्प बस म्हणालो होतो, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. तेव्हा नाही आणि नंतर कधीच नाही.

शांताताईनं कागद फाडला नाही, घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवला. बयान्याचे पैसे दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे परत केले. आणि म्हणाली, "वरची खोली रिकामी आहे. भाडं काय द्यायचं ते तू ठरव."

हा निरोप कान्होजीनं घरी दिला तेव्हा मी तिथे होतो. वहिनींनी पोळी तव्यावर टाकली, उलटली, उतरवली. मग म्हणाल्या, "भाड्यानंच राहायचं तर इथला छापखाना काय वाईट. निदान इथे मी खुणा तरी केल्या नाहीत." त्यानंतर आठ दिवस त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा तो गरिमाकडून कळवायचा.

दोन वर्षांनी त्यांनी प्लॉट घेतला. मुरारपलीकडच्या त्याच कॉलनीत, जिथून तो पाच मिनिटांत परतला होता. दुसरं परवडत नव्हतं. तीन वर्षांत एक खोली उभी राहिली. सकाळी लष्करला पाणी सोडून कान्होजी घरी जायचा आणि डबे घेऊन टँकरच्या रांगेत लागायचा. टँकरवाला ओळखीचा होता, खुणेनं पुढे बोलवायचा. कान्होजी आपल्या नंबरावर उभा राहायचा. वहिनी दारातून म्हणायच्या, "बघा, अख्ख्या लष्करचा पाणीवाला."

वास्तूला शांताताई आली. टेंपो बदलत, काठी टेकत, बरोबर कापडी पुडकं. आत पितळेच्या चार खुंट्या, मास्तरांच्या घराण्यातल्या, जड. वहिनींच्या हातात देत म्हणाली, "तुझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत अजून भिंतीवर. मी तिथे काही लावलं नाही. लावावंसं वाटलं नाही."

वहिनींनी डोळ्याला पदर लावला, मग लगेच मला म्हणाल्या, "भावजी, उभे काय, हातोडी घ्या." तीन खुंट्या बसल्या. चौथीपुरती भिंत नव्हती, मधे खिडकी आली. ती बरीच वर्षं डब्यात राहिली.

शांताताई दाना ओलीतच गेली, त्यानंतर सात वर्षांनी. आपल्या घरात, आपल्या नळाचं पाणी पिऊन. भाच्यानं घर विकलं, भाव चांगला आला म्हणतात. कान्होजी निवृत्त झाला, चावी स्टोअरला जमा केली, पोचपावती घेतली. कॉलनीत लाइन आली तेव्हा तो होता. पहिल्या दिवशी पाणी आलं तसा बाहेर गेला आणि वॉलमनला विचारून आला, किती फेरे दिलेस. तो नवा माणूस हसला. दोन वर्षांपूर्वी कान्होजी गेला. गरिमानं मागे एक खोली वाढवली, तिथे चौथी खुंटी बसली.

मी अजून महिन्यातून एकदा दाना ओलीत जातो, औषधं तिथे स्वस्त मिळतात. पाण्याच्या वेळेला गेलो तर चढ चढून वर जातो. सातही घरांत भांडी वाजत असतात. तिथे आता नवे लोक आहेत. वर पाणी येतं याचं कुणाला काही वाटत नाही. तसंच असायला पाहिजे.

मी त्याच्या जागी असतो तर रजिस्ट्री केली असती. आज त्या गल्लीत माझं घर असतं, आणि झोपही लागली असती बहुतेक. गेल्या आठवड्यात हे मी वहिनींना सांगितलं. गप्प बस म्हणणारा मी होतो, हेही सांगितलं. सतरा-अठरा वर्षांनी.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "माहीत आहे, भावजी. तेव्हाच ओळखलं होतं. त्या आठ दिवसांत मी तुमच्याशी कुठे बोलले होते?"

मग त्यांनी माझी टोपी घेतली आणि चौथ्या खुंटीला अडकवली.