बाहेरून कडी

"हे जनावर आत कोंड," साहेब म्हणाले.

पाहुणे पोहण्याच्या तलावापाशी बसले होते. माझ्या मुलीनं एका बाईंचा ग्लास फरशीवर आपटला होता. पोर तिथंच उभी होती. तिनं ऐकलं. आणि मी हसलो. "हो साहेब," म्हणालो.

कर्जतजवळच्या त्या फार्महाऊसवर मी राखणदार. बायको स्वयंपाकाला. मागची खोली आमची. मुलगी लहानपणापासून तापट. चावायची, हाताला येईल ते फेकायची. शाळेनं हात टेकले होते. ग्लास फुटला त्या दिवसापासून नियमच झाला. शनिवारी मुंबईच्या गाड्या फाटकाकडं वळल्या की तिला खोलीत घालायचं, बाहेरून कडी लावायची. माझ्या आजोबांनी मानासाठी गावाची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं होतं. मी पगार घेऊन पोटची पोर कोंडत होतो.

आधी ती दारावर लाथा मारायची. मग नुसती रडायची. मग आवाजच बंद झाला.

"सुधारली रे तुझी पोरगी," साहेब म्हणाले. मलाही तेच वाटलं. ती ताट तसंच सरकवायची, तिचं लाडकं कुत्रं जवळ आलं तरी बघायची नाही. मी शेजारच्या माळ्याला अभिमानानं सांगत होतो, पोर शांत झाली.

बायकोनं हट्टानं मुलीला आणि मला सरकारी दवाखान्यात नेलं. मुलीशी बोलून झाल्यावर डॉक्टरबाई माझ्याकडं वळल्या.

"तुम्हाला झोप लागते का?"

"मला काय धाड भरलीय? आजारी पोर हाय."

"नाय लागत," बायको म्हणाली. "भिताडाकडं तोंड करून पडत्यात. बोलत नायत. आता मी बी बोलत नाय."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तिच्या रागाचा त्रास जुना आहे. ही शांतता नवा आजार आहे, नैराश्य. तुम्ही दोघं आतून खचलात, तर तिनं कुणाला धरून उभं राहायचं?"

परतताना रिक्षात मुलगी बोलली. किती दिवसांनी.

"पप्पा, मी मेले तर साहेब तुमाला ओरडणार नाय ना?"

आवाजात रडू नव्हतं. तिनं विचार करून ठेवला होता.

शनिवारी गाड्या आल्या. मुलगी माझ्याजवळ अंगणात.

"ही बाहेर कशी? कडी लाव."

"नाय लावणार."

"मग खोली खाली कर."

"करतो. आदी तिची माफी मागा."

साहेब पाहुण्यांकडं वळले. माफी मागितली नाही.

आता आम्ही जवळच्या चौक गावात भाड्यानं राहतो. मी गॅरेजवर ट्रक धुतो. दवाखान्यात तिघंही जातो, गोळ्या मलाही आहेत. मुलगी अजून बरेचदा गप्प असते. तिला एकटं ठेवत नाही. रात्री तिचा श्वास ऐकत पडतो.

साहेबांचा निरोप आलाय, झालं ते विसर, परत ये. मी विसरणार नाही. जाणार नाही. ती यातून निघेलच, असं डॉक्टरबाईही छातीठोक सांगत नाहीत. पण कुणी केलेला अपमान गिळून घरात आणायचा, आणि त्याचं विष लेकरानं प्यायचं, हे माझ्या घरात संपलं. लाज ज्याची, ती त्याच्याच तोंडावर परत फेकेन. तिच्यादेखत.