गुलमंडीतल्या दोन हाका

लग्न होऊन सात महिने झाले होते आणि बायकोला मी अजून गावाची वेस ओलांडून कुठंही नेलं नव्हतं. पैठणच्या तहसील कचेरीत मी अहलकार होतो. अहलकार म्हणजे दिवसभर उर्दूत नकला उतरून काढणारा कारकून, पण निजामाच्या राज्यात त्याच्याही अंगावर शेरवानी आणि डोक्यावर लाल तुर्की टोपी असायची. ती टोपी घातली की मी स्वतःला तालुक्याचा मालक समजायचो. घरी येऊन काढून ठेवली, की आईच्या हाताखालचा मुलगा.

त्या काळी नवरा-बायको रस्त्याने बरोबर चालत नसत. नवरा पुढं, बायको आठ-दहा पावलं मागं. नवऱ्याने वळून बघायचं नाही, कारण वळून बघणारा बायकोच्या मुठीतला समजला जाई. हा कायदा मी केला नव्हता, पण कचेरीत त्याची अंमलबजावणी मीच करायचो. आमच्यातल्या एका मुसलमान अहलकाराने, जो माझा चांगला दोस्तही होता, आपल्या बायकोला उरसाला नेलं आणि तिच्याशेजारी उभं राहून बांगड्या भरून घेतल्या. ते मी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कचेरीभर केलं. पुढं दोन महिने तो दिसला की मी विचारायचो, "रजेच्या अर्जावर घरची सही झाली का?" सगळे हसायचे. तोही हसायचा, पण त्याचे कान लाल व्हायचे. मला त्याची फार मजा वाटायची.

औरंगाबाद दाखवून आण, असं शेवटी आईनेच सांगितलं. कचेरीला शुक्रवारी सुट्टी असे, म्हणून शुक्रवारच ठरला. अंधारातच आवरून आम्ही सकाळची पहिली मोटार पकडली. मोटारीत बायका पुढच्या बाकांवर, मी मागं. औरंगाबादला उतरेपर्यंत आम्ही एका शब्दानेही बोललो नाही, आणि त्यात आम्हाला काही विशेष वाटलंही नाही.

मकबऱ्यात मात्र गंमत झाली. सकाळची वेळ, आत माळ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. मी पुढं चालत होतो. हळूहळू मागच्या जोडव्यांचा आवाज जवळ आला आणि ती माझ्या शेजारून चालू लागली. मी चालू दिलं. वर तोंड करून ती त्या पांढऱ्या घुमटाकडे बघत राहिली.

"इथं कोण राहायचं?"

"कोणी नाही. थडगं आहे. पोरानं आईसाठी बांधलं."

"आईसाठी व्हय!" ती म्हणाली. "मग सासूबाईंना सांगू नका. घर लई लहान वाटंल त्यांना."

मी इतक्या मोठ्याने हसलो की माळ्याने मान वर केली. ही बाई चेष्टा करते, हे मला सात महिन्यांत माहीतच नव्हतं. घरात आईसमोर ती तोंड उघडत नसे आणि रात्री मी नकलांनी थकून झोपायचो. नंतर पाणचक्कीच्या हौदाच्या काठावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. तिने पाणी कुठून येतं विचारलं, मी मोठ्या ऐटीत काहीतरी चुकीचं सांगितलं, आणि तिने ते अर्धं ऐकून बाकीचं पडणाऱ्या पाण्याकडे बघून स्वतःच समजून घेतलं. मला ती आवडली. नवऱ्याला बायको आवडली यात सांगण्यासारखं काय, असं कोणी म्हणेल. पण त्या दिवशी ते मला पहिल्यांदा कळलं, आणि दुपारी मी जे केलं ते हे कळल्यानंतर केलं, म्हणून सांगायला हवं.

दुपारी आम्ही गुलमंडीवर आलो. आईसाठी खणाचं कापड घ्यायचं होतं. बाजारात शिरताच मी आपोआप पुढं झालो आणि ती आपोआप मागं राहिली. शुक्रवारची ही गर्दी. टांगे, हातगाड्या, नमाज आटोपून निघालेली माणसं. अशात समोरच्या कापडाच्या दुकानाच्या पायरीवर मला तो दिसला. माझा तोच दोस्त, बरोबर कचेरीतले आणखी दोघं.

त्याने मला पाहिलं आणि हात वर केला. त्याच क्षणी मागून हाक आली.

"अहो! थांबा जरा!"

तिचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. माझ्या समोरून येणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी मान उंच करून माझ्या पाठीमागं पाहिलं. माझी मान वळायला निघाली होती, ती मी जागच्या जागी धरली. डोक्यात एकच गोष्ट होती. आता हा विचारणार, घरची सही झाली का.

"अहो!" पुन्हा हाक आली, या वेळी जरा घाबरलेली. मी चालत राहिलो.

"क्या मियाँ, अकेलेच?" दोस्ताने विचारलं.

"हौ," मी म्हणालो. "अकेलाच."

ते तिघं चौकाकडे निघाले होते, मीही त्यांच्याबरोबर निघालो. मागं बांगड्यांची किणकिण ऐकू येत होती. मनाला म्हटलं, येतेय की. चौकात त्यांना सलाम केला, ते गल्लीत दिसेनासे होईपर्यंत थांबलो आणि मग मोठ्या समजूतदारपणे मागं वळलो. माझ्या मागं हिरव्या साडीतली कुणाची तरी बायको उभी होती. मी तिच्याकडे बघतोय म्हटल्यावर तिने पदर पुढं ओढला आणि बाजूने निघून गेली.

आलो त्या वाटेने धावलो. टोपी हातात घेतली, कारण ती पडत होती. सगळीकडे बायकाच बायका आणि त्यात माझी एक. हाक मारावी म्हटलं तर काय मारू? भर बाजारात बायकोचं नाव घ्यायला जीभ रेटेना. "अगं, अगं" करत मी त्या गर्दीतून फिरलो. तासाभरापूर्वी मी तिच्या शेजारी बसून जेवलो होतो. चौकीवरच्या पोलिसाने विचारलं, साडीचा रंग कोणता? मी हिरवा म्हणालो आणि म्हणता म्हणता कळलं की हिरवी ती दुसरी होती. माझ्या बायकोने कोणती साडी नेसली होती, मला आठवेना. मी पाहिलंच नव्हतं. पोलीस माझ्या शेरवानीकडे बघून हसला, आणि मला त्याच्यावर चिडायचंही धैर्य झालं नाही.

किती वेळ फिरलो कोण जाणे. ती सापडली ती जिथं हाक मारली होती तिथंच. बांगडीवाल्या एका मुसलमान म्हातारीच्या दुकानाच्या उंबऱ्याशी पाय जवळ घेऊन बसली होती. साडी जांभळी होती, लग्नातली. मला बघून ती पटकन उभी राहिली, आणि चेहऱ्यावर जो आनंद आला तो मला बघवला नाही.

"जोडवं निसटलं पायातलं," ती घाईघाईने सांगू लागली, जणू चूक तिची होती. "टांग्याच्या चाकाखाली गेलं असतं. जोडव्याबिगर पाऊल टाकायचं नाय म्हणून थांबले. सापडलं, पर तोवर तुम्ही दिसंनात."

सवाष्णीने जोडव्याशिवाय चालू नये, असं तिच्या माहेरी शिकवलेलं. ती माझ्या नावाचं जोडवं शोधायला धुळीत वाकली होती, आणि तेवढ्यात मी चार पावलांवर उभा राहून अकेलाच म्हणालो होतो.

म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "औरत को बाजार में छोड के किधर गया था रे?" ती म्हणाली. "दो बार पुकारी ये. मैं अंदर बैठ के सुनी, तेरे को सुनाई नै दी?"

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी बायकोच बोलली. पैठणला मोमीनपुऱ्याच्या शेजारी वाढलेली ती, तिला ती भाषा माझ्या उर्दूपेक्षा बरी येत होती. "गर्दी थी ना, अम्मा," ती म्हणाली. "नै सुने होंगे."

म्हातारीने बायकोच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला जायची वाट दिली. तिथं मी सांगायला हवं होतं. निदान मोटारीत, निदान घरी. मी सांगितलं नाही. आईने उशीर का झाला विचारलं, तेव्हाही बायकोनेच सांगितलं की गर्दीत चुकामूक झाली. खणाचं कापड राहून गेल्याबद्दल तिने बोलणीही खाल्ली. मी ओसरीवर बसून ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी कचेरीत त्या दोस्ताने गुलमंडीचा विषयही काढला नाही. त्याने तिला पाहिलं होतं का, हे मला आजही ठाऊक नाही. त्यानंतर मी त्याला सहीचं विचारणं बंद केलं.

पुढं निजाम गेला, शेरवानी गेली, आम्हाला मुलं झाली, सुना आल्या. त्या दिवसाची गोष्ट बायको घरात हौसेने सांगायची. मकबरा, सासूबाईंचं लहान घर, माझं चुकीचं ज्ञान, सगळं हसवून हसवून. "मग मी मोठ्यानं हाक मारली," इथपर्यंत आली की ती थांबायची आणि माझ्याकडे बघायची. पोरं विचारायची, "मग? बाबा थांबले नाहीत?" ती आणखी जराशी थांबायची. मग म्हणायची, "गर्दीत ऐकूच गेलं नाय त्यांना." सगळ्यांबरोबर मीही हसायचो. गोष्ट सांगायची तिची ती लकब आहे, असं मी वर्षानुवर्षं समजत आलो.

तिला जाऊन आता चार वर्षं झाली. ती लकब नव्हती. दर वेळी ती आधी मला बोलायला जागा देत होती, आणि मी गप्प बसलो की मगच मला पाठीशी घालत होती. मला ऐकू आलं होतं. दोन्ही हाका ऐकू आल्या होत्या.