भिसे सरांचा साचा

भिसे सर चिडले की खडू खायचे. मारणं नाही, ओरडणं नाही. तुकडा मोडायचा, तोंडात टाकायचा आणि पांढऱ्या ओठांनी पुढचा शब्द सांगायचा. चिखलीत एका वर्कशॉपच्या माडीवर त्यांचा इंग्रजीचा क्लास. खाली पत्रा कापायचा आवाज, वर पोरांचा. मला दोन्ही सारखेच कळायचे. मी चौथी नापास. पण पोकळ विद्वत्ता लांबून ओळखतो.

माझी नात ऋतुजा दहावीला होती. सराव परीक्षेत इंग्रजीत आपटली. बोर्डातही आपटली तर शाळा बंद, चाकणला कंपनीत पॅकिंगला उभी करतो, असं तिच्या बापानं सांगून टाकलेलं. म्हणून मी तिला क्लासला सोडायचो आणि सुटेपर्यंत जिन्यात बसायचो.

परीक्षा जवळ आली तशी सरांनी उजळणी काढली. उपमा म्हणजे काय, रूपक म्हणजे काय, पोरं पाढ्यासारखं घोकायची. सर म्हणायचे, "निबंध म्हणजे साचा. ओता, थंड होऊ द्या, बाहेर काढा." माझा जन्म फाउंड्रीत गेला. साच्यातून गटाराची झाकणं निघतात, हे यांना कोण सांगणार?

एकदा सगळा वर्ग एका सुरात 'माझे आजोबा' हा इंग्रजी निबंध म्हणत होता. घरी जाताना ऋतुजाला अर्थ विचारला. ती खाली बघत म्हणाली, आजोबा वडासारखे होते, शेतात राबायचे, मागच्या वर्षी वारले.

सगळ्या वर्गाचेच वारले होते.

दुसऱ्या दिवशी मी माडी चढलो. म्हणालो, "सर, मी शेत कधी केलं नाही, आणि अजून मेलोही नाही."

"बाबा, जिवंत आजोबांचा शेवट जमत नाही," सर म्हणाले. "वारले की निबंधही संपतो, अन् तपासणाऱ्याचा हातही सैल होतो."

माझी नात माझ्यावर खरं तेच लिहील, असं मी ठणकावलं. सरांनी खडू मोडला. तेवढ्यात ऋतुजा हळूच म्हणाली, "आबा, मला पास व्हायचंय."

मी जिना उतरलो. मेलो, झालं. ती पास झाली, अकरावीला गेली.

गेल्या महिन्यात सरच गेले. शोकसभा त्याच माडीवर. पोरं एकेक उठली. सर वडासारखे होते, सरांची सावली होती. तोच निबंध, फक्त मराठीत. एकानं तर सरांना शेतातही राबवलं. मला हसू आवरेना. शेजारचे डोळे वटारायला लागले.

शेवटी ऋतुजा उठली. म्हणाली, "सर चिडले की खडू खायचे. मग त्यांची भीतीच वाटायची नाही." आणि रडत खाली बसली.

सगळ्या सभेत साच्याबाहेरचं तेवढंच. सर असते तर तिचे मार्क कापले असते.