दुकान हयात आहे

मराठी वर्तमानपत्रात 'विलीन' हा शब्द दोन ठिकाणी येतो. व्यापाराच्या पानावर बँका आणि कंपन्या विलीन होतात. निधनवार्तांच्या रकान्यात माणसं अनंतात विलीन होतात. आमच्या सोलापूरच्या दैनिकात एकदा व्यापाराचं पान जाहिरातींनी भरलं आणि उरलेली एक छोटी बातमी आतल्या पानावर, निधनवार्तांच्या खाली गेली. मथळा होता : 'मोबाईल कंपनी अखेर विलीन'. 'अखेर' हा शब्द केवळ ओळ भरावी म्हणून घातलेला होता. अडचणीत आलेल्या दोन देशी मोबाईल कंपन्या एकत्र येत असून लहान कंपनी मोठीत मिसळणार आहे, असं खाली मजकुरात होतं. तिथपर्यंत फारसं कुणी वाचलं नाही.

त्या लहान कंपनीचं सोलापुरातलं अधिकृत दुरुस्ती केंद्र माझी थोरली बहीण चालवत होती, नवी पेठेत, एका गाळ्यात. मी तिला अक्का म्हणतो. गिऱ्हाइकंही अक्काच म्हणतात, कारण मराठी, कन्नड, तेलुगू असं कुठलंही बोलणाऱ्याला तो शब्द चालतो.

बातमी आली त्या सकाळी मी दुकानावर गेलो तेव्हा शटर अर्धंच वर होतं आणि बाहेर माणसं उभी होती. दुरुस्तीला टाकलेले मोबाईल परत न्यायला ती आली होती. सगळ्यांत पुढे मैंदर्गीहून एसटीनं आलेले एक आजोबा होते.

"अक्का, माजा मोबाईल हाय तसा द्या."

"अहो, उद्या तयार होतोय की."

"कंपनी गेली म्हणं. पेपरात आलंय. तुमाला सील लागायच्या आत आपली वस्तू आपल्या हातात असल्याली बरी."

"गेली नाही हो आजोबा. विलीन झाली."

"तेच की. आमचा थोरला भाऊबी विलीनच झालता. फोटो आलता त्याचा."

रांगेत हशा पिकला. मागून कुणीतरी विचारलं, "अक्का, कंपनीचा दहावा कवा हाय?"

"तुझ्या मोबाईलचा आजच घालते, थांब," अक्का म्हणाली. तेवढ्यात तिला मी दिसलो. "हा बघा, ह्यांच्या पेपरनं मारली कंपनी. काय बे, मेलेल्या माणसांच्या खाली माझं दुकान छापायलास?"

मथळा माझा नाही, असं मी सांगितलं.

"पेपर तुझा हाय का न्हाय? मग झालं तर."

आजोबांनी बिघडलेला मोबाईल फडक्यात गुंडाळून नेलाच.

तो मोबाईल साधा, बटणांचा होता. अक्काच्या कंपनीचा तोच एक मोबाईल सोलापुरात खपत असे, आणि त्याला कारण त्याची घंटी होती. यंत्रमागाच्या खडखडाटात बाकी कुठल्याच मोबाईलची घंटी कानावर यायची नाही, याची यायची. कारखान्यातले कामगार दुकानात येऊन 'मागवाला द्या' असंच सांगत. कंपनीच्या यादीत त्याचं काहीतरी वेगळं नाव होतं. ते सोलापुरात कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. पुढे तो खेड्यापाड्यांतही गेला, कारण मेंढरांमागे लांब गेलेल्या माणसालाही खिशातली घंटी कळायला हवी असते.

दुपारी संपादकांनी मला लेख सांगितला. विषय : अडचणीतल्या मोबाईल कंपन्यांनी एकत्र यावं का? त्यांचं स्वतःचं मत 'यावं' असं होतं, आणि ते वरकरणी पटण्याजोगं होतं. परदेशी कंपन्यांनी बाजार व्यापला होता. दोघींनी मिळून सुटे भाग घेतले तर स्वस्त पडतील, जाहिरात एकच करावी लागेल, दुरुस्ती केंद्रं निम्मी पुरतील. हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज उच्चारलं. सोलापुरात दोन्ही कंपन्यांची मिळून दोनच केंद्रं होती. निम्मी म्हणजे एक.

दुसरं केंद्र अक्काच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे होतं. गाळा मोठा, काचेचं दार, आत बसायला खुर्च्या. पूर्वी रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ ते चालवत. अक्का त्यांना भाई म्हणे, ते तिला आपा म्हणत. मात्र कंपनीचा कुणी माणूस गावात आला की दोघं एकमेकांना ओळख दाखवत नसत.

पुढच्याच आठवड्यात पुण्याहून मोठ्या कंपनीचे एक साहेब आले. त्यांनी भाईंना अक्काच्या दुकानात बोलावून घेतलं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो होतो. मी पेपरातला आहे हे अक्कानं साहेबांना आधीच सांगून टाकलं, तरी त्यांनी हरकत घेतली नाही.

"मॅडम, तुमचं केंद्र यांच्या केंद्रात विलीन होईल," साहेब म्हणाले. "तुम्ही तिथं काउंटर सांभाळायचं. तुमची गिऱ्हाइकं आपोआप तिकडे येतील."

"आणि माझा बोर्ड?"

"बोर्ड एकच राहील."

"आणि मागवाला?"

साहेबांना शब्द कळला नाही. भाईंनी समजावला.

"अच्छा, ते मॉडेल. ते बंद होतंय. यापुढे फक्त टच फोन."

"साब, लूम पे खड़े हुए आदमी का हाथ तेल का रैता," भाई म्हणाले. "टच कैसा करता उने?"

साहेबांनी कागद पुढे केला. त्यावर दोघांच्या सह्या हव्या होत्या : अक्काची सोडल्याची, भाईंची घेतल्याची. अक्कानं कागद वाचायला घेतला. ती वाचत असतानाच विडी कारखान्यात जाणाऱ्या एक बाई आत डोकावल्या.

"भाई हितंच हायेत व्हय? बरं झालं. अक्का, तुमी त्या दिवशी भाईंच्याकडनं डिस्प्ले आणून बसवलाता की, तो लई चांगला चाललाय. तसलाच माज्या जावेला पायजे."

अक्कानं हातातला कागद खाली ठेवला. एका कंपनीचा भाग दुसरीच्या मोबाईलला लावायचा नाही, असं दोघांच्याही करारात होतं. आणि गेली कित्येक वर्षं अक्का आणि भाई रस्ता ओलांडून एकमेकांकडून डिस्प्ले, बॅटऱ्या, चार्जिंगचे पिन, जे कमी पडेल ते नेत होते. शेजारी साखर मागावी तसं.

"बसतो कसा पण?" मी विचारलं.

अक्कानं ड्रॉवरमधून दोन उघडलेले मोबाईल काढून काउंटरवर ठेवले. एक तिच्या कंपनीचा, एक भाईंच्या. झाकणं वेगळी होती. आतली हिरवी पट्टी सारखीच, तिच्यावरचा छापील क्रमांकही सारखाच.

साहेब चिडतील असं मला वाटलं होतं. ते हसले. "मॅडम, हे आम्हाला माहीत नाही का? दोघांचा माल चीनमधल्या एकाच कारखान्यातून येतो. म्हणूनच तर म्हणतोय, वेगळं राहायचं कशाला?"

"मग आतनं तुमी आधीपासनं एकच होता की," अक्का म्हणाली. "एक असून बुडालात. आता बोर्ड एक करून कसं तराल?"

"ते वरचे ठरवतात. तुम्ही सही करा."

"न्हाय करत."

"मग दोन्ही केंद्रांची मान्यता जाईल. यांचीही."

इथं सगळं भाईंवर येऊन थांबलं. कागद त्यांच्या फायद्याचा होता. अक्काची गिऱ्हाइकं, मोठ्या कंपनीचा बोर्ड, समोर स्पर्धा नाही. अक्का त्यांच्याकडे बघत नव्हती. पेचकस पुसत होती. भाईंनी चष्मा काढला, परत लावला आणि कागद एका बोटानं साहेबांकडे सरकवला.

"मेरे कू आपा का काउंटर नक्को, साब. दिनभर इनका झगड़ा कौन सुनता?"

"मी भांडते व्हय?" अक्का म्हणाली.

"देखो, शुरू."

साहेब चहा न घेता गेले. महिना संपायच्या आत कंपनीची माणसं येऊन दोन्ही बोर्ड काढून घेऊन गेली. लोखंडी चौकटी तेवढ्या वर राहिल्या, रिकाम्या. कंपनीकडून येणारे सुटे भाग थांबले. अक्का बाजारातून भाग आणू लागली, जुने मोडके मोबाईल विकत घेऊन त्यांतले काढू लागली, आणि जे मिळेना ते समोरून. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. दोघं दिवसाढवळ्या रस्ता ओलांडत.

मी लेख लिहिला आणि उत्तर 'नाही' असं दिलं. माझं म्हणणं साधं होतं. या कंपन्यांचे कारखाने स्वतःचे नव्हते. मोबाईल दुसऱ्याचा, वर लेबल आपलं. दोन लेबलं एकावर एक चिकटवल्यानं मोबाईल सुधारत नाही. त्यांच्याकडे स्वतःचं म्हणावं असं एकच होतं : गावोगावच्या गाळ्यांत बसलेली, गिऱ्हाइकाला ओळखणारी माणसं. विलीनीकरणात पहिली कात्री लागणार होती ती याच माणसांना. घंटी ऐकू येणारा मोबाईल ज्याला हवा आहे त्याला तो करून द्यावा, हा एक मार्ग होता. दोन्ही कंपन्यांच्या कचेऱ्यांपैकी कुणीही तो विचारात घेतल्याचं दिसत नव्हतं. संपादकांनी पटलं नसल्याचं सांगून लेख छापला. माझी बहीण या धंद्यात आहे, हेही लेखाखाली छापलं. ते योग्यच होतं. त्यानं लेखातलं एकही वाक्य खोटं ठरत नाही, असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं.

अक्कानं लेख वाचला नाही. ती थेट आमच्या जाहिरात विभागात आली आणि निधनवार्तांच्या खालचीच जागा मागू लागली.

"तिथं शुभेच्छांच्या जाहिराती घेत नाही, ताई," काउंटरवरचा सहकारी म्हणाला.

"शुभेच्छा कुणाला पायजेत? हयातीचा दाखला हाय हा. पेन्शनवाले देतात बघा, मी जिवंत हाय म्हणून. तसला."

जाहिरात तिथंच आली. तीन ओळी : 'नवी पेठेतलं मोबाईल दुरुस्तीचं दुकान हयात आहे. मागवाला दुरुस्त करून मिळेल. समोरचं दुकानही हयात आहे.' तिसरी ओळ भाईंना न विचारता घातलेली होती.

पुढे एकत्र झालेल्या त्या कंपनीनं मोबाईल काढणं बंद केलं. ती बातमी व्यापाराच्या पानावर, योग्य जागी आली.

पण त्याआधी, जाहिरात आल्यानंतर दोन-चार दिवसांतच, मैंदर्गीचे आजोबा आले. फडक्यातला मोबाईल त्यांनी काउंटरवर ठेवला.

"हयात हाय म्हणं?"

"हाय की. बसा."

अक्कानं मोबाईल उघडला, समोरून आणलेला एक भाग बसवला, झाकण लावलं. आजोबांनी हात पुढे केला नाही.

"आधी घंटी वाजवून दाखवा."

अक्कानं स्वतःच्या मोबाईलवरून त्यांचा नंबर लावला. घंटी वाजली. बाहेरून जाणारी दोन माणसं थबकली, आणि रस्त्यापलीकडून काचेचं दार उघडल्याचा आवाज आला.

"आपा," भाई ओरडले, "कम करो उसकू! मेरा गिऱ्हाइक अपना फोन ढूँढ रा!"

अक्कानं फोन कापला नाही. घंटी पूर्ण वाजू दिली.